६२ लेक्चर बाकी आहेत आणि रोज नवी पडतात

मी डिप्लोमा मेकॅनिकल करून इंजिनिअरिंगच्या डायरेक्ट सेकंड इयरला (डीएसई) आले. ॲडमिशनच्या राऊंड संपेपर्यंत वर्ग सुरू होऊन महिना झाला होता. कॉलेज सगळ्या तासांचं रेकॉर्डिंग टाकतं, म्हणून वाटलं भरून काढीन. आज ६२ लेक्चर बाकी आहेत: एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) १४, थर्मो (थर्मोडायनॅमिक्स) १४, फ्लुइड (फ्लुइड मेकॅनिक्स) १२, एसओएम (स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स) १२, मेटलर्जी (धातुशास्त्र) १०. रोज रात्री हॉस्टेलवर मोबाइलवर दुप्पट वेगाने बघते, सर फळ्यावर लिहितात ते सगळं वहीत उतरवते. दोन-अडीच वाजतात. सकाळी तासाला डोळे मिटतात, मग तेही लेक्चर रात्रीवर जातं. युनिट टेस्टला थर्मोत ३० पैकी ९ पडले. नोझलचं, म्हणजे वाफेचा वेग वाढवणाऱ्या नळीचं, गणित आलं होतं. ते लेक्चर मी दोनदा बघितलंय, वहीत तसंच गणित आहे, तरी माझं उत्तर ५४.८ आलं आणि बरोबर उत्तर होतं ७०८.९. तासाला जाणं बंद करून फक्त रेकॉर्डिंग बघू का? वेग किती ठेवू? दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं, इंग्रजी ऐकताना मागे पडते.
एक डीएसई विद्यार्थिनी, कोल्हापूर जिल्हा

सुरुवात त्या ५४.८ पासूनच करू, कारण तुझ्या बहुतेक प्रश्नांचं उत्तर त्या आकड्यात आहे.

तुझ्या दोन उत्तरांवरून मूळ गणित मांडता येतं. वाफ नोझलमध्ये शिरते तेव्हा वेग सेकंदाला ५० मीटर, आणि एन्थाल्पीतली, म्हणजे वाफेसोबत वाहणाऱ्या ऊर्जेच्या मापातली, घट किलोला २५० किलोज्यूल. स्टेडी फ्लो एनर्जी इक्वेशनमधून, म्हणजे वाहत्या वाफेच्या ऊर्जेचा हिशेब मांडणाऱ्या समीकरणातून, उष्णता, काम आणि उंची गळाली की उरतं एवढंच: बाहेरच्या वेगाचा वर्ग म्हणजे एन्थाल्पीतल्या घटीची दुप्पट, अधिक आतल्या वेगाचा वर्ग. घट ज्यूलमध्ये घेतली तर तिची दुप्पट ५,००,०००. त्यात ५० चा वर्ग २,५०० मिळवला की ५,०२,५००, आणि त्याचं वर्गमूळ ७०८.९. तू घट किलोज्यूलमध्येच ठेवलीस. दुप्पट ५००, अधिक २,५००, झाले ३,०००, वर्गमूळ ५४.८. सूत्र बरोबर, मांडणी बरोबर, फक्त हजाराने गुणायचं राहिलं. आणि ५० चा वेग ५४.८ झाला हे दिसायला इतकं पटण्यासारखं आहे की शंका यायलाही कारण नव्हतं. नोझलचं कामच वेग वाढवणं आहे, इतक्या मोठ्या घटीतून वेग जेमतेम पाचने वाढेल का, हे तेव्हाच सुचतं जेव्हा असं एखादं गणित आपण स्वतः चुकवून दुरुस्त केलेलं असतं.

वही उघडून बघ, ते ‘गुणिले १०००’ तिथे बहुधा सापडेल. दुप्पट वेगाने चाललेल्या व्हिडिओत ते फळ्यावर दोन सेकंद दिसलं असेल. तू उतरवलंस. पण गणित सर सोडवत होते आणि तू लिहीत होतीस. चुकायची संधी तुला पहिल्यांदा मिळाली ती थेट टेस्टमध्ये.

दोनदा बघूनही येत नाही याचं कारण तुझी बुद्धी नाही, इंग्रजीही नाही. रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार फेऱ्यांत वाचला. दुसऱ्या गटाने पहिल्या फेरीत वाचला आणि पुढच्या तीन फेऱ्यांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा वाचणारे पुढे होते: त्यांना उताऱ्यातलं ८३ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. आठवड्याने तपासलं तेव्हा वाचणारे ४० वर घसरले होते आणि आठवून लिहिणारे ६१ वर होते. परत परत बघणं त्या रात्री फार छान वाटतं, सगळं समजल्यासारखं वाटतं. तुझी टेस्ट त्या रात्री नसते.

म्हणून पहिला बदल एकच, आणि बाकी काही जमलं नाही तरी हा कर. सरांनी गणिताची दिलेली माहिती लिहून संपवली की त्याच क्षणी व्हिडिओ थांबव. मोबाइल पालथा ठेव. सात-आठ मिनिटं स्वतः सोडव, अर्धवट राहिलं तरी चालेल. मग व्हिडिओ चालू कर आणि तुझं जिथे वेगळं झालं तेवढंच लाल पेनने लिही. पूर्ण उतरवायचं नाही. नोझलच्या गणितात तुझ्या पानावर लाल अक्षरात एकच ओळ आली असती: किलोज्यूलचे ज्यूल कर, वेगाचा वर्ग ज्यूलमध्येच येतो. तेवढी एक ओळ दोन पानं उतरवलेल्या गणितापेक्षा जास्त कामाची.

पन्नास मिनिटांचं अख्खं लेक्चर असं बसून करायचं असेल तर साधारण शंभर मिनिटं धर. आधी पाच मिनिटं कोऱ्या कागदावर त्या विषयाचं काय आठवतंय ते लिही, डिप्लोमात झालं असेल ते सुद्धा. मग लेक्चरचे तीन-चार तुकडे पाड. घड्याळ बघून नको, सर जिथे नवा मुद्दा सुरू करतात किंवा फळा पुसतात तिथे तुकडा तोड. प्रत्येक तुकड्यानंतर व्हिडिओ बंद करून पाच मिनिटं आठवून लिही: आकृती, सूत्र, आणि ते सूत्र कुठे लागू पडत नाही. या शेवटच्या गोष्टीवर तोंडी परीक्षेत हमखास प्रश्न येतो आणि तीच वहीत नसते. २०१३ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी स्टॅटिस्टिक्सचं २१ मिनिटांचं ऑनलाइन लेक्चर चार तुकड्यांत दाखवून बघितलं. ज्यांना प्रत्येक तुकड्यानंतर प्रश्न सोडवायला लावले त्यांचं लक्ष बरंच कमी भरकटलं, टिपणंही जास्त झाली. तुला प्रश्न विचारायला रात्री कोणी नाही, म्हणून कोरा कागद.

आता त्या ६२ चा हिशेब. ६२ गुणिले ५० मिनिटं म्हणजे ५१ तास ४० मिनिटं. थांबत, सोडवत केलं तर शंभर तासांच्या वर. आणि पाच विषयांची नवी लेक्चर रोज पडतच राहणार. हे गणित सुटणारं नाही, तेव्हा सगळी लेक्चर बघायची हा हट्ट आजच सोड. बाकी आहे तो अभ्यासक्रम. लेक्चर हा त्याच्याकडे जायचा एक रस्ता आहे.

तुझे पाच विषय सारखे नाहीत, कारण तू डिप्लोमा करून आली आहेस. एसओएम आणि मेटलर्जीतला सुरुवातीचा बराचसा भाग तुझा झालेला आहे. स्ट्रेस-स्ट्रेन, शिअर फोर्स आणि बेंडिंग मोमेंटच्या आकृत्या, आयर्न-कार्बन डायग्राम. ही २२ लेक्चर बघू नकोस. त्याऐवजी प्रत्येक टॉपिकवरचे मागच्या पेपरांतले दोन प्रश्न घे आणि सोडव. सुटले की तो टॉपिक खोडून टाक. अडलं तर त्या एकाच लेक्चरचा तेवढाच भाग उघड. यात मिळून चार तास जातील.

थर्मो आणि फ्लुइडची २६ लेक्चर चाळायची. संकल्पना ओळखीच्या आहेत, पण डिप्लोमात सूत्र तयार मिळतं आणि इथे ते सिद्ध करावं लागतं. म्हणजे बघायचं काय, तर डेरिव्हेशन आणि त्यातली गृहीतकं. चाळण्याची एक सोपी रीत आहे. लेक्चर यूट्यूबवर असेल आणि लॅपटॉप मिळत असेल तर कीबोर्डवरचे १ ते ९ आकडे एकेक करून दाब. प्रत्येक आकड्याला व्हिडिओ एक दशांश पुढे जातो, म्हणजे पन्नास मिनिटांच्या लेक्चरमध्ये पाच-पाच मिनिटांच्या उड्या. दोन मिनिटांत फळ्याची नऊ चित्रं डोळ्यांखालून जातात. जे चित्र बघून ‘हे मला समजावता येणार नाही’ असं वाटेल तिथेच थांब आणि तेवढं ऐक. J दाबलं की दहा सेकंद मागे, L दाबलं की दहा सेकंद पुढे, K दाबलं की थांबतं. एका लेक्चरला वीस मिनिटं, घड्याळ लावून. २६ लेक्चरचे झाले ८ तास ४० मिनिटं.

एम-थ्रीची १४ मात्र बसूनच करायची, शंभर-शंभर मिनिटांनी. डिप्लोमाच्या गणितात पहिल्या क्रमाची डिफरन्शियल इक्वेशन्स होतात, इथे पहिल्याच युनिटमध्ये वरच्या क्रमाची येतात, मग ती सोडवायची लाप्लास ट्रान्सफॉर्मची रीत. डीएसईची मुलं सर्वांत जास्त इथेच अडकतात. पण बघ, अडकतात ते बहुतेकदा लाप्लासमध्ये नसतं. इन्व्हर्स लाप्लास काढताना पार्शल फ्रॅक्शन पाडावे लागतात, म्हणजे मोठा अपूर्णांक सोप्या अपूर्णांकांत फोडावा लागतो, सर ते ‘हे तुम्हाला येतंच’ म्हणून दोन ओळींत उरकतात, आणि ज्याला ते येत नाही त्याला पुढचं अख्खं लेक्चर परकं वाटतं. पहिलं एम-थ्री लेक्चर उघडण्याआधी एक संध्याकाळ पार्शल फ्रॅक्शन आणि इंटिग्रेशन बाय पार्ट्सची दहा-दहा गणितं सोडव. तेच लेक्चर चारदा बघण्यापेक्षा त्या एका संध्याकाळीने जास्त काम होईल. १४ लेक्चरचे २३ तास २० मिनिटं.

सगळं मिळून ३६ तास. रोज दोन तास, आठवड्याचे सहा दिवस, तीन आठवडे. एम-थ्रीआधीची ती एक संध्याकाळ सातव्या दिवसातून काढ. हे होण्यासारखं आहे. पण एका अटीवर: नवं लेक्चर या यादीत पडता कामा नये.

त्यामुळे तासाला जाणं बंद करू का, याला माझं स्पष्ट उत्तर आहे: ‘नाही’. हजेरीची ७५ टक्क्यांची अट आहेच, पण ते दुय्यम. वर्गात तुला पन्नास मिनिटांत पन्नास मिनिटंच जातात, तेच खोलीवर शंभर होतात. शिवाय रेकॉर्डिंगचा माइक सरांजवळ असतो. मागच्या बाकावरून कोणी काय विचारलं ते त्यात येत नाही, सरांचं फक्त ‘हो, बरोबर’ ऐकू येतं. सर फळ्याच्या ज्या कोपऱ्याकडे हात करतात तो कोपरा कॅमेऱ्यात असेलच असं नाही.

वर्गात बसून रेकॉर्डिंगचा उपयोग कसा करायचा ते सांगते, कारण खरा फायदा तिथे आहे. वहीच्या डाव्या समासात फक्त वेळ लिहायची. सर डेरिव्हेशनमध्ये एक पायरी गाळून पुढे गेले आणि तुझा धागा तुटला, तर घड्याळ बघ आणि लिही: १०.४२, प्रश्नचिन्ह. पुढचं ऐकत राहा, मागे अडकू नकोस. संध्याकाळी रेकॉर्डिंग उघड. रेकॉर्डिंग १०.१५ ला सुरू झालं असेल तर तुझी जागा २७व्या मिनिटाला आहे. दोन मिनिटं आधीपासून, म्हणजे पंचविसाव्या मिनिटापासून बघ. रेकॉर्डिंग नेमकं कधी सुरू होतं हे प्रत्येक वर्गात वेगळं असतं. काही ठिकाणी तासाच्या ठोक्याला आपोआप, काही ठिकाणी सर बटण दाबतील तेव्हा. एकदा तपासून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. एका तासात अशी तीन-चार प्रश्नचिन्हं पडली तर संध्याकाळी त्या तासाला पंधरा मिनिटं पुरतात. दहा-बारा पडली तर ते लेक्चर बसून करायच्या यादीत.

तरीही सुटलं नाही तर सरांना विचार, पण ‘सर, नोझल कळलं नाही’ असं नको. ‘सर, मंगळवारचं लेक्चर, ३१ मिनिटं २० सेकंद, तिथे उंचीची टर्म का सोडली?’ असं लिहून पाठव. इतक्या नेमक्या प्रश्नाला सर दोन ओळींत उत्तर देऊ शकतात आणि बहुतेक देतातही.

वेगाचं. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात यावर प्रयोग झाला आहे. दुप्पट वेगापर्यंत विद्यार्थ्यांची समज फारशी घटली नाही, अडीचपटीला घटली. हे वाचून पुष्कळ जण दुप्पट वेग लावतात. पण ते व्हिडिओ होते रोमन साम्राज्यावर आणि घर-जमिनीच्या किमती कशा ठरवतात यावर. त्यात फळ्यावर डेरिव्हेशन नव्हतं. तुझ्यासाठी नवं डेरिव्हेशन आणि एम-थ्री साध्या वेगाने. सर फारच सावकाश बोलत असतील तर सव्वापट. एकदा झालेलं परीक्षेआधी परत ऐकताना दीडपट. पारख अशी: पाच मिनिटांनी थांबव आणि काय झालं ते दोन वाक्यांत मराठीत सांग. सांगता आलं नाही तर वेग पावपटीने कमी कर. त्याच प्रयोगातली एक गोष्ट तुझ्या कामाची आहे. दुप्पट वेगाने दोनदा बघायचं असेल तर दुसरी वेळ लगेच न ठेवता परीक्षेच्या अगदी आधी ठेवलेली बरी पडली.

इंग्रजीसाठी वेगळं काही करू नकोस. समजलेलं मराठीत लिही, संज्ञा इंग्रजीच ठेव. ‘नोझल ॲडियाबॅटिक (उष्णता आत-बाहेर न जाणारा) धरला म्हणून उष्णतेची टर्म गेली’ असं. आठवड्यातून एकदा त्यातले दोन मुद्दे पेपरात लिहायचे तशा इंग्रजीत लिहून बघ. ऑटो-कॅप्शन चालू ठेवायला हरकत नाही, पण संज्ञांच्या बाबतीत त्यांवर विसंबू नकोस. एन्थाल्पी आणि एन्ट्रॉपीसारख्या जवळच्या उच्चारांत ती गल्लत करतात आणि तुला तर नेमकं तेच नवं आहे.

एखाद्या विषयाचं कॉलेजचं रेकॉर्डिंग ऐकूच येत नसेल तर एनपीटीईएलवर जा. आयआयटी आणि आयआयएससीने मिळून २००३ पासून चालवलेला उपक्रम आहे, व्हिडिओ फुकट बघता येतात, बऱ्याच कोर्सचं लेक्चर लिखित स्वरूपातही मिळतं आणि काहींचं मराठी भाषांतरही आहे. पूर्ण कोर्स करू नकोस, अडलेला टॉपिक बघ. आणि एक काळजी घे. थर्मोचा पहिला नियम एक शिक्षक ‘आंतरिक ऊर्जेतला बदल म्हणजे उष्णता वजा काम’ असा लिहितात, दुसरे ‘उष्णता अधिक काम’ असा. दोन्ही बरोबर. एकात सिस्टीमने केलेलं काम धन, दुसऱ्यात सिस्टीमवर केलेलं. अर्धं गणित एका पद्धतीने आणि अर्धं दुसऱ्या पद्धतीने सोडवलं की चिन्ह उलटतं आणि चूक सापडता सापडत नाही. बाहेरचं लेक्चर उघडल्यावर पहिल्यांदा त्यांची चिन्हांची पद्धत बघ आणि वहीत वर लिही.

काही बारीक गोष्टी. डेटा वाचवायला क्वालिटी २४० वर आणू नकोस, फळ्यावरचं सबस्क्रिप्ट १ आहे की २ ते दिसत नाही, आणि थर्मोत सगळा अर्थ त्या १ आणि २ मध्ये आहे. परवानगी असेल तर कॉलेजच्या वायफायवर ४८० ला डाउनलोड करून ठेव. तुमची रेकॉर्डिंग मायक्रोसॉफ्ट टीम्सवर असतील तर ती ठरावीक मुदतीनंतर आपोआप जातात. कॉलेजने बदललं नसेल तर मुदत साधारणपणे १२० दिवसांची असते, खात्याच्या प्रकारानुसार कमीही असू शकते, म्हणजे सत्राच्या सुरुवातीची नेमकी परीक्षेच्या तोंडावर गायब होतात. मुदत बघून घे, आणि ज्या सरांच्या खात्यावर आहेत त्यांना ती वाढवायला आत्ताच सांग. टेलिग्रामवर मात्र टाकू नकोस. वर्गातल्या मुलांचे आवाज आणि चेहरे त्यात असतात, त्यांना कोणी विचारलेलं नसतं.

आणि रात्री दोनपर्यंत जागणं आजपासून बंद. तुझी साखळी तिथूनच सुरू होते: रात्री जागरण, सकाळी झोप, सकाळचं लेक्चर परत रात्रीवर. संध्याकाळी सात ते नऊ, टेबलाशी, मोबाइल पुस्तकाला टेकवून उभा. अंथरुणात नाही. अकरा वाजता लेक्चर अर्धं असलं तरी बंद.

आजची संध्याकाळ बाकीचं काही काढू नकोस. वही मिटून, कोऱ्या कागदावर हे कर. नोझलमध्ये शिरताना वाफेची एन्थाल्पी किलोला २,९८० किलोज्यूल, बाहेर पडताना २,७५०, आत येतानाचा वेग सेकंदाला ४० मीटर, उष्णता बाहेर जात नाही. बाहेरचा वेग काढ. ६७९.४ आला पाहिजे. ४५.४ आला तर काय राहिलं ते तुला आता माहीत आहे. तीन दिवसांनी हेच परत सोडव, आणि पुढच्या आठवड्यात एकदा, तेव्हा सुरुवातीचं समीकरण पूर्ण लिहून कोणती टर्म का गेली ते शेजारी लिहीत.